चोर सोडून सोलला फाशी

आमच्या मंडळाच्या गेल्या दिवाळी अंकात एका ज्येष्ठ स्नेह्यांनी हरणाच्या शिकारीवर लेख लिहिला. मराठी अंकात शिकार म्हटल्यावर काही वाचकांनी नाकं मुरडली. त्यांची भावना मला समजते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय संपला, आणि ते योग्यच झालं. पण आम्ही राहतो त्या मिनेसोटात नोव्हेंबरचा पहिला आठवडा आला की आमच्या कचेरीतल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात. सरकारच परवाने देतं, हरणांची संख्या आटोक्यात राहते, घरोघरचे फ्रीझर भरतात. तेव्हा तो वाद आज नको. माझं भांडण बुटांवरून आहे.

कारण त्या लेखात माझं नाव नव्हतं, पण माझे बूट होते.

पातळ सोलचे, ‘बेअरफूट’ म्हणवणारे बूट घालून थंडीत शिकारीला जाणं म्हणजे पायाची बोटं वनदेवतेला वाहून येणं, असा त्यांचा एकंदर निवाडा. पुरावा म्हणून कॅम्पातल्या एका हौशी मित्राची हकिकत दिली आहे. सकाळी नऊला बोटं बधिर झाली म्हणून हा मित्र मचाणावरून उतरला, शेकोटीशी येऊन बसला, आणि परत गेला तेव्हा मचाणाच्या बुंध्याशी ताज्या बर्फात खुरांच्या खुणा. तो हौशी मित्र मी. खुणा खऱ्या, बधिर बोटंही खरी. खोटा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

‘बेअरफूट बूट’ हा शब्दच मुळात ‘निर्जळी उपासाचा चहा’ म्हणावा तसला, हे मान्य. त्याचा अर्थ एवढाच की टाच आणि चवडा एका पातळीवर, सोल पातळ आणि दुमडणारा, आणि पुढचा भाग माणसाच्या बोटांच्या आकाराचा, म्हणजे बोटांना पसरायला जागा असलेला. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. स्नेह्यांनी तिन्हींची एकच मोट बांधली आणि सगळा राग बिचाऱ्या सोलवर काढला. त्या सकाळी माझ्या पायात नेमकं काय होतं हे त्यांनी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. ते बूट मी सप्टेंबरात एका पातळ मोज्यावर मापून घेतले होते आणि नोव्हेंबरात त्यांत लोकरीचे दोन जाड मोजे कोंबले होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी अंथरूण तेवढंच ठेवलं आणि आणखी दोन पाहुणे आत झोपवले. बोटांना पसरायची जी जागा हा त्या बुटांचा मोठा गुण, तीच मी मोज्यांनी बुजवून टाकली. चूक शंभर टक्के माझी, आणि तिचा सोलच्या जाडीशी काडीचाही संबंध नाही.

पायाला स्वतःची शेगडी नसते, ही या वादातली मुळाची गोष्ट. पावलात २६ हाडं, त्यांना बांधणारे दोर, कातडी आणि अगदी थोडे स्नायू. ऊब करणारे मोठे स्नायू वर, पोटरीत आणि मांडीत. पावलापर्यंत ऊब पोचते ती रक्तातून. धड गार पडायला लागलं की शरीर आधी हातापायांच्या टोकांकडे जाणाऱ्या वाहिन्या आवळतं, कारण त्याला काळीज आणि मेंदू जपायचे असतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून पाय गार पडले की पहिला हात बुटाकडे न जाता कानटोपीकडे जावा, आणि दुसरा खिशातल्या गुळशेंगदाण्याकडे. आता याच वाहिन्या बाहेरूनही आवळल्या, म्हणजे घट्ट बूट, कोंबलेले मोजे, करकचून बांधलेल्या नाड्या, तर उरलासुरला पुरवठाही तुटतो. घट्ट बूट कितीही जाड असला तरी तो गारच.

सर थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरनं १९३० साली एक गमतीची नोंद केली. बोटं बर्फगार पाण्यात बुडवली की रक्तवाहिन्या आधी आवळतात, काही मिनिटांनी आपणहून उघडतात, पुन्हा आवळतात. तापमान असं वरखाली हेलकावे खात राहतं. यंत्र योग्य बिंदू शोधत पुढेमागे होतं त्या अर्थानं त्यानं याला ‘हंटिंग रिअ‍ॅक्शन’ म्हटलं. शिकाऱ्यांशी त्या नावाचा संबंध नाही, पण मचाणावर बसलेल्या माणसाला ते चपखल बसतं. अख्खं अंगच गारठलेलं असलं की हा हेलकावा मंदावतो, आणि ते आपल्या वादाच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं.

स्नेह्यांच्या लेखातलं दुसरं पान ग्रॅमनी भरलं आहे. चारशे ग्रॅमचे बूट कुठे चालतात, आठशेचे कुठे, हजारचे कुठे, याचा तक्ताच दिला आहे. अशा बुटांतलं थिन्सुलेट नावाचं अस्तर बनवणारी थ्रीएम कंपनी आमच्या सेंट पॉलच्या वेशीवर, मेपलवूडला. म्हणजे हे ग्रॅम आमच्या गावचेच म्हणायचे. पण ते बुटाचं वजन नव्हे आणि एका बुटात भरलेल्या अस्तराचंही नव्हे. ते त्या अस्तराच्या एका चौरस मीटरचं वजन. लेखात मात्र ‘प्रत्येक पायाला जवळजवळ किलोभर ऊब’ असं वाक्य आहे. किलोभर कांदे ऐकले होते, किलोभर ऊब पहिल्यांदाच वाचली.

पुढे आणखी एक मेख आहे. असं अस्तर ऊब धरतं ते त्यात कोंडलेल्या हवेच्या जोरावर. पायाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याभोवती ते फुगलेलं राहतं आणि काम करतं. तळव्याखाली ऐंशी किलोचा माणूस उभा राहिला की त्याचा पापड होतो. जमिनीची थंडी अडवायचं काम ग्रॅमचं नसून सोलच्या फोमचं आणि आतल्या सुखतळ्याचं असतं. इथे मी भौतिकशास्त्राशी भांडणार नाही. चार मिलिमीटर रबर आणि तीन सेंटिमीटर फोम यांत फोम जिंकणारच. एका जागी तीन तास न हलता बसायचं असेल तर नुसता पातळ सोल हरतो, हे मी लेखी देतो. फक्त एवढ्यानं खटला संपत नाही, कारण शिकारी मचाणावर उगवत नाही. तो तिथे चालत जातो.

या चालण्याचा हिशोब लेखात कुठेच नाही. आमच्या कॅम्पापासून माझं मचाण पाऊण तासावर आहे. मधे गुडघाभर वाळलेलं गवत, दलदलीची कड आणि एक चढ. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बार टाकायला परवानगी असते, म्हणून अंधारातच घाईनं निघायचं. अडीच किलोची जोडी घालून हा पाऊण तास चालल्यावर पाय घामेजलेले असतात. पायातलं एक किलो पाठीवरच्या सुमारे पाच किलोंइतकं दमवतं, हा लष्करी पायपिटीतला मुरलेला हिशोब. आणि पाणी ऊब पळवतं ते कोरड्या हवेच्या वीसपंचवीस पट वेगानं. म्हणजे जाड बूट घालून माणूस आधी मोजे भिजवतो आणि मग त्या भिजल्या मोज्यांत तीन तास बसून थंडीला शिव्या देतो.

याची फार मोठी किंमत लोकांनी मोजली आहे. १९५०च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कोरियात चोसिन जलाशयाभोवती अमेरिकन सैनिक अडकले, तेव्हा पारा उणे ३० सेल्सिअसच्या आसपास घुटमळत होता. त्यांच्या पायात होते शूपॅक, म्हणजे खाली रबर, वर चामडं आणि आत लोकरीचा सुखतळा. बूट जाडजूड, गावठी थंडीला पुरून उरणारे. चालताना पाय घामानं डबडबायचे, थांबलं की तोच घाम बुटात गोठायचा. थंडीनं जायबंदी झालेले सैनिक हजारांत होते. मग लष्करानं ‘मिकी माऊस’ म्हणून ओळखले जाणारे फुगीर रबरी बूट आणले. त्यांत लोकर रबराच्या दोन थरांमध्ये कायमची बंद केलेली, म्हणजे पायाला घाम आला तरी तो ऊब धरणाऱ्या थरापर्यंत पोचतच नाही. सोल जाड झाला म्हणून पाय वाचले, असं त्यातून काढता येत नाही. घाम आणि ऊब यांची ताटातूट केली म्हणून वाचले.

‘ही सगळी जॉगिंग करणाऱ्या शहरी लोकांची फॅशन,’ हा तिसरा आरोप. यावर मी जास्त शाई घालवणार नाही. ज्या रानात आमचा कॅम्प पडतो ते ओजिब्वे लोकांचं. ‘ओजिब्वे’ या नावाचीच एक व्युत्पत्ती त्यांच्या मोकासिनवरच्या चुण्यांच्या शिवणीशी जोडतात. विस्कॉन्सिनमधल्या बर्लिन गावात रसेल मोकासिन ही कंपनी १८९८पासून मोकासिन पद्धतीचे शिकारी बूट शिवते आहे. तिकडे मेनमध्ये एल. एल. बीननं १९१२ साली रबरी तळ आणि चामड्याचा वरचा भाग असा हलका शिकारी बूट विकायला काढला. त्याच्या पहिल्या १०० जोड्यांपैकी ९० शिवण उसवून परत आल्या, आणि पठ्ठ्यानं सगळ्यांचे पैसे परत केले. शिकाऱ्याला हलका, पाऊल ओळखणारा बूट हवा असतो ही अक्कल जॉगिंगच्या पायवाटेवर जन्मलेली नाही.

स्नेह्यांनी एक वार मात्र नेमका केला आहे. ‘उत्तरेतले आदिवासी मऊ बूट घालत, म्हणून तुम्हीही घाला, हा निव्वळ भाबडेपणा,’ असं ते म्हणतात. अर्धं बरोबर आहे. धूर दिलेल्या कातड्याचे त्यांचे मऊ बूट, मकलक, हे कोरड्या, कडकडीत थंडीचे. पारा शून्याच्या वर गेला, बर्फाचा राडा झाला की ते पाणी पितात आणि निकामी होतात. नोव्हेंबरचा पहिला आठवडा नेमका असा राड्याचाच असू शकतो. शिवाय मऊ बूट म्हणजे अभयपत्र नव्हे. ब्रिटिश मोहिमेचा नायक स्कॉट याची माणसं दक्षिण ध्रुवाकडे गेली ती रेनडिअरच्या कातड्याचे मऊ ‘फिनेस्को’ घालून, आत सेनेग्रास नावाचं गवत भरून. तरी १९१२च्या परतीच्या वाटेवर त्यांच्यातल्या ओट्सचे पाय हिमदंशानं निकामी झाले, हे जगाला ठाऊक आहे. त्याच मोसमात ध्रुवावर आधी पोचलेल्या अमुंडसेनच्या तुकडीच्या पायात स्कीचे कडक तळाचे बूट होते. फ्रामहाइमच्या हिवाळी मुक्कामात त्यांनी ते बूट पुन्हा पुन्हा उसवून शिवले. कशासाठी? बोटांना आणि मोज्यांना आत जागा व्हावी म्हणून. स्कॉटच्या अनर्थाची कारणं उपासमारीपासून पुष्कळ आहेत, सगळं बुटांवर ढकलण्याचा बालिशपणा मी करणार नाही. पण सोल मऊ की कडक यावर पायांचं नशीब ठरत नाही, एवढं या दोन तुकड्या पुरेसं सांगतात.

पण आदिवासींचा दाखला उडवून लावताना स्नेह्यांनी नेमकी कामाची गोष्ट नजरेआड केली. इनुइट शिकारी सीलच्या श्वासछिद्रापाशी उभा राहतो. समुद्राचं पाणी गोठून झालेल्या सपाट बर्फात एक वीतभर भोक. सील तिथे श्वास घ्यायला कधी येईल याचा नेम नाही, आणि खाली पाण्यात पावलाची चाहूल लागता कामा नये. तासन् तास, न हलता. पायात सीलच्या कातड्याचे कामिक आणि आत कॅरिबूच्या केसाळ कातड्याचे मोजे. सोल आमच्या फॅशनेबल बुटांइतकाच लवचीक. मग बोटं का गळून पडत नाहीत? कारण तो उभा राहण्याआधी बर्फावर केसाळ कातड्याचा एक तुकडा अंथरतो आणि त्यावर पाय ठेवतो. ऊब राखते, आवाजही मारते. चालताना पाय मोकळा आणि हलका, थांबताना पायाखाली वेगळं आसन. तळाची ऊब बुटालाच कायमची शिवून दिवसभर वाहत फिरण्याची गरज नाही, हे त्या माणसाला आपल्या कॅटलॉगांच्या कितीतरी आधी कळलं होतं.

मला हे वाचून कळायला नको होतं. मी निफाडचा. पारा उतरला की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवणारं ते गाव. थंडीत शहाबादी फरशीवर पाय टेकवत नसे. आजी निवडण-टिपण करायला बसली की स्वतः एका पाटावर बसायची आणि दुसरा पाट पायाखाली सरकवून घ्यायची. ‘फरशी पायातून जीव ओढते रे,’ म्हणायची. तिच्या पायात बूट सोडा, मोजेही नसत. मिनेसोटात पंधरा वर्षं काढल्यावर आणि हजार ग्रॅमवाल्या दोन जोड्या घेऊन झाल्यावर मला तो पाट आठवला. आता मचाणावर माझ्या पायाखाली बंद पेशींच्या फोमचा दोन बोटं जाडीचा चौकोन असतो, वर जुन्या घोंगडीचा तुकडा. वजन मिळून पावशेरही नाही.

आता सोल पातळ असण्याचा फायदा काय, हा प्रश्न उरतो. जो माणूस गाडीतून उतरून शंभर पावलांवरच्या हीटर लावलेल्या खोक्यात बसतो त्याला काही नाही. त्यानं खुशाल गोणीएवढे बूट घालावेत. पण जो पाच पावलं टाकतो, थांबतो, ऐकतो, पुन्हा पाच पावलं टाकतो, त्याच्यासाठी तळवा हा कानाइतकाच महत्त्वाचा. पानांखालची वाळकी काटकी मोडण्याआधी पायाला कळते आणि वजन मागच्या पायावर परत घेता येतं. उघड्या माळावर धनुष्यबाणानं शिकार करणारे शेवटच्या टप्प्यात बूट काढून नुसत्या मोज्यांवर सरकतात, ते वेडे म्हणून नव्हे. कुरकुरणाऱ्या बर्फावर मात्र कुठलाच सोल चोरपावलांनी जात नाही. तिथे हा फायदा मी सांगणार नाही.

आणि एकदा हत्यार उपसलंच आहे तर आमच्या बाजूच्या बुवांनाही सोडत नाही. अनवाणी पंथाचे काही प्रचारक सांगतात, पातळ सोलमुळे स्नायू जागे होतात आणि पाय आपोआप उबदार राहतात. चालताना थोडं खरं, बसल्यावर थाप. पाच बोटांचे मोजेवजा बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीनं आरोग्याच्या दाव्यांवरून झालेला खटला २०१४ साली ३७.५ लाख डॉलर बाजूला काढून मिटवला. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं होतं की सवयीचे बूट टाकून दहा आठवड्यांत अशा पादत्राणांकडे वळलेल्या १९ धावपटूंपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढली. तेव्हा ऑक्टोबरात बूट घेऊन नोव्हेंबरात सत्तर किलोचं हरीण ओढायला जाऊ नये. उन्हाळाभर रोज थोडं चालून पाय तयार करावा. आणि आपल्या लोकांत मधुमेह घरोघरी आहे. ज्याच्या तळव्याची जाणीव कमी झाली आहे त्यानं पातळ सोलच्या वाटेलाच जाऊ नये, थंडीत तर नाहीच. तळवा बोलेनासा झाला असेल तर ऐकण्यासारखं काही उरत नाही.

तरीही कुणाला घ्यायचेच असतील तर माझं म्हणणं असं. बूट संध्याकाळी घ्या, पाय थोडे सुजलेले असताना, आणि थंडीत घालणार तेच मोजे घालून. आतला सुखतळा काढून जमिनीवर ठेवा आणि मोज्यांसकट त्यावर उभे राहा. एकही बोट कडेबाहेर सांडत असेल तर ते बूट दुकानातच ठेवा. त्या सुखतळ्याच्या जागी किंवा त्याच्यावर सहा-सात मिलिमीटरचा लोकरी नमदा बसून बोटं वर हलायला हवीत. म्हणून नेहमीपेक्षा एक माप मोठं लागतं, कधी दीड. घोट्याच्या वर येणारे, चामड्याचे आणि मेण चोळता येण्यासारखे निवडा. पूर्ण जलरोधक पडदा असलेले ओल्या नोव्हेंबरात बरे, जानेवारीत नकोत, कारण बाहेरचा ओलावा तेव्हा गोठलेलाच असतो आणि आतला अडकून बसतो. सोल दुकानात दुमडून बघू नका, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मग दुमडा. काही रबरं उणे दहाला लाकूड होतात. निसरड्या बर्फासाठी खिळ्यांच्या पट्ट्या लावणार असाल तर आणखी एक सावधगिरी. त्यांचं ताणलेलं रबर मऊ बुटाला पुढून चिमटतं आणि इतक्या कष्टानं मिळवलेली बोटांची जागा परत घालवतं, म्हणून मचाणाशी पोचलात की त्या आधी काढा. वाटेत पातळ मोजे घाला, जाड मोजे कोरडे, छातीशी ठेवा, आणि चढण्याआधी बदला. बर्फात एका पायावर उभं राहून मोजे बदलताना माणूस बगळ्यासारखा दिसतो, पण तिथे बघायला असतं कोण?

या सगळ्यानिशी मी उणे बारापर्यंत जातो. त्याखाली पारा गेला आणि दिवसभर बसायचं असेल तर मीही मोठे, फुगीर बूट पाठीला बांधून नेतो आणि मचाणाशी जाऊन चढवतो. याला कुणी माघार म्हणावं. माझ्या मते ही त्याच पाटाची थोरली आवृत्ती.

स्नेह्यांनी लेखाच्या शेवटी मला, म्हणजे त्या हौशी मित्राला, त्यांच्या जुन्या बुटांची जोडी देऊ केली आहे. आभार. त्यांचं माप आठ, माझं दहा. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या मचाणाच्या शिडीशी मीही काहीतरी ठेवून जाणार आहे. आजीच्या पाटाची जोडी होती, त्यातला एक माझ्या भावानं यंदा बॅगेतून आणून दिला. सागवानी आहे, त्यांच्या हजार ग्रॅमखाली सहज मावेल.